नव्वदीतल्या माणसाच्या आठवणी ऐकायच्या कशा: तयारीपासून फाइल जपण्यापर्यंत

दिवाळीला सगळे जमतात. जेवणं झाल्यावर कुणीतरी मोबाईल पुढे धरतं आणि म्हणतं, "आजी, तुझ्या लहानपणीचं काहीतरी सांग ना." आजी म्हणते, "काय सांगू बाबा, गरिबी होती, कष्ट केले." मागे टीव्ही चालू असतो, काका मध्येच साल दुरुस्त करतात आणि सातव्या मिनिटाला कुकरची शिट्टी होते. ती फाइल पुन्हा कुणी उघडत नाही.

आजीला आठवत नसतं म्हणून असं होतं, असं नाही. प्रश्न फार मोठा असतो, वेळ चुकलेली असते आणि क्रम उलटा असतो. पुढची पद्धत साधारण ८५ ते ९५ वयाच्या, बोलू शकणाऱ्या माणसासाठी आहे. विस्मरणाचा आजार असेल तर काय बदलायचं, ते सातव्या टप्प्यात आहे.

## १. आधी विचारा, आणि भावंडांनाही सांगा

रेकॉर्डिंग करणार आहात, ते कोण ऐकणार आणि कुठे राहणार, या तीन गोष्टी साध्या शब्दांत सांगा. "घरातल्यांसाठीच आहे" असं सांगून त्यातला तुकडा नात्यातल्या ग्रुपवर टाकलात, तर पुढच्या बैठकीला फक्त सणवार आणि पाककृती ऐकायला मिळतील. "हे नको" किंवा "बंद कर" म्हटलं की तिथल्या तिथे बंद करायचं, हेही आधीच सांगून ठेवा आणि पाळा.

दुसरी परवानगी बहुतेकजण विसरतात. एकटा नातू दुपारभर आजोबांजवळ बसून मोबाईलमध्ये काहीतरी भरून घेतोय, हे पाहिलं की घरात पहिली शंका येते ती जमिनीची आणि मृत्युपत्राची. म्हणून काका, आत्या, मामा या सगळ्यांना आधी फोन करून कल्पना द्या. वाटणी, दागिने, कोणी कोणाला किती दिलं हे विषय स्वतःहून काढू नका. बोलणं आपोआप तिकडे गेलं तर ऐकून घ्या, पण उपप्रश्न विचारू नका.

## २. तयारी: एका पानावर सालांची दोरी

"कोणत्या साली?" हा प्रश्न बैठकीत विचारायचाच नाही. नव्वदीतल्या माणसाला साल सहसा आठवत नाही आणि तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. साल आपण काढायचं. त्यासाठी घरूनच एक पान तयार करून न्या: डाव्या बाजूला साल, मध्ये त्यांचं वय, उजवीकडे त्या भागातली सगळ्यांना आठवणारी घटना.

जन्मसाल ठरवताना सावध राहा. कागदावर १ जून असेल, तर ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख आहे. त्या पिढीत अशी १ जूनची माणसं घरोघरी सापडतात. खरी खूण तिथी, सण किंवा हंगाम यांत असते: "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी", "सुगी चालू होती". जुन्या पत्रिकेत शालिवाहन शक असेल तर त्यात ७८ मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातला, म्हणजे इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरचा जन्म असेल तर ७९. शके १८५७ म्हणजे १९३५-३६.

आता घटना. सगळ्या नकोत, त्या माणसाच्या गावाला लागू असतील त्याच घ्या.

- मुंबई: १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट, गिरणगावातल्यांसाठी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप
- सातारा-सांगली: १९४२ नंतरचं पत्री सरकार, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप
- पश्चिम महाराष्ट्रातली बरीच गावं: गांधीहत्येनंतरची १९४८ ची जाळपोळ
- मराठवाडा: रझाकारांचा काळ आणि १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तीचा दिवस, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप
- नागपूर आणि विदर्भ: १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा
- पुणे: १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटून आलेला पूर
- गोवा: १९ डिसेंबर १९६१, पोर्तुगीज सत्ता संपली तो दिवस
- सगळीकडे: १ एप्रिल १९५७ ला आलेले नवे पैसे, १ मे १९६०, १९७२ चा दुष्काळ

वापरायचं असं: "पानशेत फुटलं तेव्हा थोरला चालायला लागला होता की कडेवर होता?" उत्तर आलं की थोरल्याचं जन्मसाल दीडेक वर्षाच्या फरकाने हातात येतं. "लग्नात आहेर आण्यांत लिहिला होता की नव्या पैशांत?" हाही उपयोगी प्रश्न आहे. दुष्काळ असेल तर "दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलीस तेव्हा पोटात कोण होतं?" असं विचारता येतं. मात्र असा प्रश्न जवळच्या बाईनेच विचारावा.

माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत तपशिलात आठवतं. आज नव्वदीत असलेल्यांसाठी तो काळ १९४५ ते १९६५ च्या आसपासचा. तयारीचा बराचसा वेळ त्याच वीस वर्षांवर घालवा.

तपासा: पानावर मोजून आठ-दहा ओळी आहेत ना? तीसेक झाल्या असतील तर तुम्ही इतिहासाची टिपणं काढली आहेत, आजोबांची नाही.

## ३. वेळ, जागा आणि शरीर

बैठक ४५ मिनिटांची. माणूस रंगला तर तासभर, त्यापुढे नाही. दोन बैठकींत किमान दोन दिवसांचं अंतर ठेवा. या वयात दमणूक त्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसते. शिवाय मधल्या दिवसांत त्यांना आणखी आठवत राहतं.

सकाळचा नाश्ता झाल्यानंतरचा वेळ बहुतेकांना बरा पडतो. पण आधी गोळ्या विचारून घ्या. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असतील, तर पुढचे दोन-तीन तास सारखं उठावं लागतं. संकोची माणूस ते सांगत नाही, उत्तरं आखडती घेतो, आणि आपल्याला वाटतं की आज मूड नाही. मधुमेह असेल तर खाण्याची वेळ ओलांडू नका. जेवणानंतर लगेच बसवलंत तर पेंग येणार.

बसायच्या आधी चार गोष्टी पाहा:

1. कान. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं ते विचारा आणि त्या बाजूला, हातभर ते दोन हात अंतरावर बसा. श्रवणयंत्राची बॅटरी पाहा. अचानक कमी ऐकू येऊ लागलं असेल तर कानात मळ साठलेला असण्याची शक्यता असते. डॉक्टरांकडून तो काढून घेतला की फरक पडतो.
2. कवळी. एरवी काढून ठेवत असतील तर लावायला सांगा. नाहीतर निम्मी नावं नंतर कळणार नाहीत.
3. चष्मा. फोटो दाखवणार असाल तर जवळचा चष्मा हाताशी हवा.
4. पाणी. कोमट, पेल्यात, हात पोचेल तिथे.

तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसा. खिडकी पाठीमागे ठेवलीत तर त्यांना तुमचे ओठ दिसत नाहीत, आणि कमी ऐकू येणारा माणूस निम्मं ओठांवरून समजून घेत असतो. ओरडू नका. वयाने कमी झालेल्या श्रवणशक्तीत आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ओरडल्यावर आवाज चढा होतो आणि शब्द आणखी फाटतात. थोडा खालचा स्वर, सावकाश, एका वाक्यात एकच गोष्ट. प्रश्न कळला नाही तर तोच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून विचारा.

जागा त्यांची नेहमीचीच. ज्या खाटेवर, ज्या झोपाळ्यावर बसतात तिथेच. खास पाहुण्यांच्या खोलीत नेऊन बसवलंत की भाषाही पाहुण्यांसमोरची होते.

## ४. रेकॉर्डिंग

मोबाईल पुरतो. वेगळं यंत्र घेण्याआधी खोलीतले आवाज बंद करा, फायदा त्यातच जास्त आहे. टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर बंद. छताचा पंखा बंद किंवा अगदी हळू. कुकर बैठकीच्या आधी किंवा नंतर.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. बऱ्याच फोनमध्ये कॉल आला की रेकॉर्डिंग थांबतं आणि आपल्याला कळतही नाही. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्या तोंडापासून एक ते सव्वा फुटावर ठेवा. नुसत्या लाकडी टेबलावर ठेवला तर पेला ठेवल्याचा आवाजही हातोड्यासारखा येतो. रेकॉर्डरमध्ये वेव्ह (WAV) फॉरमॅटचा पर्याय असेल तर तो निवडा, तासाला ३०० एमबीच्या थोडं वर जागा लागेल. नसेल तर एम-फोर-ए (M4A) चालेल.

कॉलरचा माइक वापरत असाल तर नऊवारी-पाचवारीला कॉलर नसते हे लक्षात ठेवा. पदरावर लावलेला माइक सतत खसखसतो आणि छातीशी लावलेल्या माइकवर मंगळसूत्र आपटतं. खांद्यावर, पदराच्या पिनेजवळ लावा.

व्हिडिओ पूर्ण वेळ नको, कॅमेऱ्यासमोर माणूस फोटोला बसल्यासारखा बसतो. शेवटची पाच मिनिटं घ्या आणि ती हातांची घ्या: जात्याचा खुंटा कसा धरायचा, टोपी कशी घालायचे, वाती कशा वळायच्या.

तपासा: सकाळी काय खाल्लं हे विचारून एक मिनिट रेकॉर्ड करा, इअरफोन लावून ऐका, मगच पुढे जा. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलणार आणि खोलीत कोण आहे ते म्हणा.

## ५. पहिली बैठक: फक्त घर

इथे क्रम मोडू नका. पहिल्या दिवशी स्वातंत्र्य, लग्न, दुःख यातलं काही नाही. जन्मलं-वाढलं ते घर, बस.

कोरा कागद आणि जाड पेन घ्या. "माहेरच्या घराच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला काय?" असं विचारा आणि ते सांगतील तसं काढत जा. ओटी, माजघर, चूल, देवघर, परसू, गोठा. मराठवाड्यातलं घर असेल तर माळवद, चाळीतलं असेल तर गॅलरी, मोरी आणि नळाची वेळ. तुमचं चित्र चुकलं तर उत्तम, ते हातातून पेन घेतील.

मग एकेका जागेवर थांबा:

- पाणी कुठून यायचं? विहीर, आड, ओढा? कोण भरायचं? सगळ्या गावाचा पाणवठा एकच होता का?
- रात्री उजेड कशाचा? कंदील कोण पुसायचं?
- धान्य कशात? कणगी, बळद, पेव?
- कोण कुठे झोपायचं? पाहुणे आले की?
- आधी कोण जेवायचं, शेवटी कोण? शेवटच्याला काय उरायचं?

यातल्या पाणवठ्याच्या आणि जेवणाच्या प्रश्नांतून जात, गरिबी, बाईचं घरातलं स्थान हे सगळं आपोआप बाहेर येतं, आणि तेही प्रसंगांच्या रूपात. "तेव्हा जातपात फार होती का?" असं थेट विचारलंत तर "होती की" एवढंच मिळेल.

पुढच्या बैठकींचा क्रम: शाळा आणि लहानपणची कामं; लग्न आणि सासर किंवा पहिली नोकरी; संसार, शेती, गिरणी, दुकान जे असेल ते; त्यानंतर, विश्वास बसल्यावर, मृत्यू, तंटे, मोडलेली नाती. शेवटची बैठक मोकळी ठेवा. "मी विचारायचं राहिलं असं काही आहे का?" या एका प्रश्नासाठी ती लागते.

## ६. विचारण्याची आणि गप्प राहण्याची रीत

थांबा. उत्तर संपलं असं वाटलं की मनात सात आकडे मोजा. आपल्याला ती शांतता अवघड वाटते, त्यांना वाटत नसते. ते शोधत असतात. पुढचं वाक्य अनेकदा याच जागेतून येतं. शब्द सुचत नसेल तर तो पुरवू नका, तुमचा शब्द घेऊन ते पुढे जातात आणि त्यांचा गावाकडचा शब्द कायमचा हुकतो.

"हं, हं" नको. मान हलवा. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा हुंकार त्यांच्या शब्दावर बसतो.

उत्तर प्रश्नात घालू नका. "सासू फार जाच करायची ना?" यापेक्षा "सासरी पहिल्या दिवशी काय काय केलंस?" बरा.

नावं पक्की करा, पण गोष्ट संपल्यावर. एका तासात चार अण्णा, तीन ताई आणि दोन बापू येतात. वहीत खूण करून ठेवा आणि शेवटी विचारा: "विहिरीत उतरले ते अण्णा म्हणजे तुझे सख्खे भाऊ की चुलत? खरं नाव काय?" बायकांचं माहेरचं नाव आणि सासरी ठेवलेलं नाव दोन्ही लिहा, नाहीतर पुढे कुणीतरी एकाच बाईला वंशावळीत दोनदा घालतं. काही आजी नवऱ्याचं नाव आजही घेत नाहीत. आग्रह करू नका. उखाणा घ्यायला सांगा, नाव मिळेल आणि उखाणाही.

मापं आणि पैसे तसेच राहू द्या. "दीड रुपया रोज" म्हटलं की आजच्या पैशात किती, हा हिशेब तिथे मांडू नका. "त्यात काय काय यायचं?" विचारा. पायली-शेर भागाप्रमाणे बदलतात, तेव्हा "तुमच्याकडे पायलीत किती शेर?" हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

"मुलं किती?" असं विचारू नका. त्याचं उत्तर जगलेल्यांपुरतं येतं. "बाळंतपणं किती झाली?" विचारा, पण पहिल्या दोन बैठकींत नाही आणि घरभर माणसं असताना तर नाहीच.

तीच गोष्ट पाचव्यांदा आली तर "हे सांगितलंस" म्हणू नका. तिच्यात आत शिरा: "त्या वेळी दारात आणखी कोण उभं होतं?" घासून गुळगुळीत झालेली गोष्ट अशा एका प्रश्नाने उघडते, कधीकधी वेगळीच निघते.

मध्ये बोलणारा तिसरा माणूस हे सगळ्यांत जास्त नुकसान करणारं प्रकरण आहे, बहुधा मुलगा. "आई, तसं नव्हतं गं, बासष्ट साली." आई गप्प होते. त्यांना सांगा की तुमचंही वेगळं रेकॉर्ड करणार आहे, आणि खरंच करा. सून समोर असताना सासरचं आणि सासू म्हणून स्वतःचं बोलणं दोन्ही बदलतं. याला अपवाद समवयस्काचा: बहीण, नणंद, जुना मित्र. दोघं मिळून एकमेकांना आठवून देतात. अशी एखादी बैठक मुद्दाम ठेवावी.

डोळ्यांत पाणी आलं तर लगेच विषय बदलू नका आणि फोनवर झडपही घालू नका. थांबा, पाणी द्या, "बंद करू का?" एवढंच विचारा. बरेचजण "राहू दे" म्हणतात. शेवटची दहा मिनिटं मात्र हलक्या विषयाची ठेवा: जत्रा, खोड्या, खाणं. संध्याकाळी एक फोन करा. जड काही उकरून निघून गेलात तर ती रात्र त्यांना एकट्याने काढावी लागते.

सावधान: ऐकताना चूक दुरुस्त करायची नाही. साल चुको, पंतप्रधान चुको. दुरुस्ती तुमच्या वहीत.

## ७. विस्मरणाचा आजार असेल तर

"मी कोण, ओळख बरं?" हा खेळ आधी घरात बंद करा. तो अपमान आहे. स्वतःचं नाव सांगून सुरुवात करा. बैठक १५-२० मिनिटांची आणि सकाळचीच. अशा माणसांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो.

प्रश्न कमी, वस्तू जास्त. पितळी डबा, अडकित्ता, जुना फोटो, शिकेकाईचा वास. ओवी किंवा आरतीची पहिली ओळ तुम्ही म्हणा आणि थांबा. घरातली नावं न आठवणारी बाई पुढची सबंध ओवी म्हणू शकते. गेलेला माणूस जिवंत आहे असं धरून बोलत असतील तर "ते कधीच गेले" असं सांगू नका, तो धक्का त्यांना दरवेळी नव्याने बसतो. "काय करायचे ते?" असं विचारा. इथे सालं, क्रम, वंशावळ यांची अपेक्षा सोडा. आवाज आणि भाषा जपायची.

## ८. त्याच दिवशी करायचं काम

हे उद्यावर टाकलं की राहतं. अर्धा तास लागतो.

1. फाइलला नाव द्या: वर्ष-महिना-दिवस, व्यक्ती, बैठक क्रमांक. "रेकॉर्डिंग ००७" हे नाव दोन वर्षांनी काहीच सांगत नाही.
2. तीन प्रती: फोनबाहेर संगणकावर एक, पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर एक, आणि एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.
3. मिनिटांची यादी करा: "१२:४० विहिरीतले अण्णा, २३:०५ शाळा सुटली." सगळं उतरवून काढलं नाही तरी ही यादी हवीच.
4. घराच्या नकाशाचा आणि वहीच्या पानांचा फोटो त्याच फोल्डरमध्ये.

पूर्ण लेखी उतारा करणार असाल तर एका तासाच्या आवाजाला चार ते सहा तास धरा. आपोआप मजकूर करणारी साधनं बोलीभाषेत आणि नावांत फार चुकतात. कच्चा खर्डा म्हणून वापरा आणि शेजारी आवाज लावून तपासा. "व्हतं"चं "होतं" करू नका, "म्या"चं "मी" करू नका. वाचायला सोपी प्रत हवी असेल तर ती वेगळी करा.

पडताळणी करायची असेल तर कागद आहेत: शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदींचं कोतवाल बुक, जमिनीच्या फेरफारातल्या वारसनोंदी, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या. कागद आणि आठवण जुळली नाही तर दोन्ही लिहा, शेजारी शेजारी. कागदही १ जूनवालेच असतात.

## ९. दुसऱ्या बैठकीला जाताना

मागच्या यादीतले पाचच धागे घेऊन जा: न कळलेलं एखादं नाव, अर्धवट सुटलेला प्रसंग, नकाशातली रिकामी खोली. पहिला प्रश्न तिथून: "आजी, त्या दिवशी माडीवर कोण राहायचं ते सांगायचं राहिलं." आपण ऐकलं होतं हे त्यांना त्यावरून कळतं आणि बोलणं लवकर वाहू लागतं. आजोबा त्या दिवशी नुसते "बरं आहे" म्हणून गप्प बसले तर फोन खिशात टाका, शेंगा सोलत बसा किंवा पेपर वाचून दाखवा, आणि पुढची तारीख त्यांच्याकडूनच घेऊन या.